एटा म्हणजे आठ

बार्शीच्या बाजारपेठेत आमचं किराणा दुकान होतं, तेव्हा काट्याजवळच्या फळीवर लोखंडी वजनं ओळीनं मांडलेली असत. पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ती उलटसुलट करून बघत बसायचो. प्रत्येकाला एक खळगा, खळग्यात शिसं आणि शिशावर काहीतरी ठोकलेलं. ते वाचायला अण्णांनी शिकवलं. एक क्रमांक निरीक्षकाचा, दोन आकडे वर्षाचे आणि ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर, म्हणजे वर्षाची कितवी तिमाही. वजनमापे खात्याचा माणूस गावात आला की सगळी वजनं पासिंगला जायची. झिजलेल्या वजनात शिसं भरून ते बरोबर करायचं आणि त्या शिशावर नवा शिक्का मारायचा. "लोखंडावर नीट उठत नाही," अण्णा म्हणायचे. "शिसं मऊ. सांगाल ते धरून ठेवतं."

पुढे चाळिशी उलटल्यावर बायझंटाइन साम्राज्याच्या, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या, शिशाच्या मुद्रा बघण्याचा नाद लागला, त्याचं मूळ मी त्या फळीवरच शोधतो. वॉशिंग्टनमधल्या डंबार्टन ओक्स या संस्थेत अशा सुमारे 17,000 मुद्रा आहेत. जगातला सर्वांत मोठा संग्रह. त्यांतल्या हजारोंची छायाचित्रं घरबसल्या बघता येतात. रात्री जेवणं झाली की मी लॅपटॉप उघडतो आणि रुपयाएवढ्या, कधी त्याहून थोड्या मोठ्या, करड्या, कडेनं फाटलेल्या चकत्या मोठ्या करून बघतो. ग्रीक अक्षरं त्यासाठीच शिकलो. भाषा येत नाही, पण अक्षरं लावता येतात, आणि मुद्रांवरचे शब्द तेच तेच असल्यामुळे तेवढ्यावर बरंच भागतं.

या मुद्रा कशा केल्या जात, ते आधी सांगायला हवं. कागदाला मेण किंवा लाख लावून वर ठसा उमटवणं आपल्या परिचयाचं आहे. इथे तसं नव्हतं. शिशाची चकती ओतून घेत. तिच्या जाडीतून आरपार एक बारीक नळी ठेवलेली असे. पत्राची घडी घालून दोरा बांधायचा, दोऱ्याची टोकं त्या नळीतून घ्यायची आणि चकती एका लोखंडी हत्यारात धरायची. हे हत्यार म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या सांडशीचा थोरला भाऊ. दोन जबडे आणि दोन्ही जबड्यांत आतून उलटी कोरलेली अक्षरं किंवा चित्रं. वरच्या जबड्यावर हातोड्याचा घाव घातला की चकतीच्या दोन्ही बाजूंना ठसा उमटे आणि आतला दोरा शिशात आवळला जाई. मुद्रा फोडल्याशिवाय किंवा दोरा कापल्याशिवाय पत्र उघडायचं नाही. बादशहापासून प्रांतातल्या कारकुनापर्यंत, बिशपापासून खाजगी माणसापर्यंत सगळे हेच वापरत. मालक मेला किंवा पदावरून गेला की ती सांडशी निकामी करत असत, म्हणून अशी हत्यारं फार थोडी उरली. त्यांनी मारलेल्या मुद्रा मात्र जगभरात साठ हजारांहून जास्त आहेत.

पत्रं जवळजवळ सगळी गेली. पपायरस कुजला, चर्मपत्रं जळली आणि दोराही कुजून गेला. एखाद्या मुद्रेच्या छायाचित्रात कडेला दोऱ्याचं रिकामं भोक स्पष्ट दिसतं, तेव्हा मला आपले ताम्रपट आठवतात. त्याच शतकांत राष्ट्रकूट आणि शिलाहार राजे तांब्याच्या पत्र्यांवर दानं कोरून घेत होते, पत्रे कडीत ओवून कडीवर राजमुद्रा बसवत होते. आपल्याकडे मजकूर राहिला आणि मुद्रा त्याला चिकटून राहिली. तिकडे मुद्रा राहिली आणि मजकूर गेला. कोणी कोणाला पाठवलं, त्यातलं 'कोणी' तेवढं हाती येतं. म्हणूनच ती मुद्रा केव्हाची, या प्रश्नावर तिथले अभ्यासक आयुष्यं घालवतात. काळ ठरला नाही तर ती शिशाची एक चकती असते, त्यापलीकडे काही नाही.

काळ ठरवण्याचे मार्ग बरेच आहेत. सहाव्या-सातव्या शतकात नाव एकात एक गुंफलेल्या अक्षरांनी लिहायची रीत होती. आठव्या-नवव्या शतकात 'देवमाते, तुझ्या सेवकाला साहाय्य कर' ही विनवणी क्रूसाच्या आकारात मांडत. दहाव्या शतकाच्या अखेरीपासून आडनावं दिसायला लागतात. अकराव्या-बाराव्या शतकात चक्क छंदोबद्ध ओळी. अक्षरांच्या वळणावरूनही पुष्कळ कळतं. मोडी वाचणारा माणूस कागद हातात घेताच शिवकालीन की पेशवाईतला हे सांगतो, तसंच. पण या साऱ्यातून शतक हाती लागतं, फार तर अर्धशतक. साल हाती लागायला मुद्रेवर राजाचा चेहरा असावा लागतो.

राजाच्या स्वतःच्या मुद्रा नाण्यांच्या वळणानं जातात, आणि नाण्यांवर नावं असल्यामुळे मुद्रांवरचे चेहरे त्यांच्याशी ताडून बघता येतात. सहाव्या शतकात एका बाजूला समोर बघणारा बादशहा आणि दुसऱ्या बाजूला दोन्ही हातांत पुष्पचक्रं घेतलेली पंखवाली विजयदेवता. ही जुन्या रोमची देवता. साम्राज्य ख्रिस्ती होऊन दोन शतकं उलटली तरी ती मुद्रेवर टिकून होती. मॉरिसच्या काळात, म्हणजे 582 ते 602 मध्ये, ती जाते आणि तिच्या जागी मारिया येते, छातीशी बालख्रिस्ताचं वर्तुळ धरलेली. पुढे शंभरावर वर्षं राजमुद्रेच्या त्या बाजूवर तिचंच राज्य. मग 717 मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या लिओच्या काळात तीही जाते. त्याच्या सुरुवातीच्या मुद्रांवर ती आहे. नंतर नुसता क्रूस आणि त्याभोवती पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं लिहिलेली ओळ. मूर्ती पुजाव्यात की नाही, यावरून त्या साम्राज्यात शतकभर जो झगडा झाला, त्याची चाहूल अशी शिशावर लागते. 843 मध्ये मूर्तिपूजक जिंकले आणि तिसऱ्या मायकेलच्या मुद्रेवर ख्रिस्ताचा चेहरा आला.

हे बदल एकामागून एक बघत गेलं की मला वाटतं, एवढ्याशा चकतीवर कोणाला उभं करायचं याचा निर्णय घेताना दरबारात किती खल झाला असेल. सोन्याच्या मुद्रांबद्दल तर तो खल लिहूनच ठेवलेला आहे. दहाव्या शतकातल्या दरबारी रीतींच्या ग्रंथात कोणाला किती वजनाची सोन्याची मुद्रा लावून पत्र पाठवायचं याची यादी आहे. रोमच्या पोपला एका सुवर्णनाण्याच्या वजनाची, पुढे दोन नाण्यांची. बगदादच्या खलिफाला चार नाण्यांची. एक नाणं साधारण साडेचार ग्रॅमचं. मान तोळ्यामाशात मोजलेला! किराणा दुकानात वाढलेल्या मला हे वाचून भारी वाटलं होतं. त्या सोन्याच्या मुद्रा बहुतेक वितळून गेल्या. शिसं राहिलं, कारण ते कोणाला वितळवावंसं वाटलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते राजाच्या मुद्रेबद्दल नाही. एका अधिकाऱ्याच्या मुद्रेबद्दल आहे, जिच्यावर राजा आहे.

सातव्या शतकात 'कोमर्किआरिओस' नावाचे अधिकारी होते. प्रांताप्रांतांत सरकारी वखारी असत आणि त्या यांच्या ताब्यात. त्या वखारींतून नेमकं काय जात होतं यावर अजून वाद आहे. कोणी रेशीम म्हणतात, कोणी सैन्याची हत्यारं, कोणी करापोटी गोळा केलेलं धान्य. या अधिकाऱ्यांच्या मुद्रेवर त्यांचं नाव आणि प्रांत तर असेच, शिवाय बादशहाची आकृती असे आणि तिच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेत एक आकडा. तो आकडा म्हणजे 'इंडिक्शन'. पंधरा वर्षांचं करआकारणीचं चक्र, 312 साली सुरू झालेलं. वर्ष 1 सप्टेंबरला बदले. पहिलं, दुसरं, तिसरं करत पंधरावं झालं की पुन्हा पहिलं. कितवं चक्र ते कोणी लिहीत नसे.

आपल्याला हे नवं नाही. 'विकारी नाम संवत्सरे' एवढंच कुठे लिहिलेलं सापडलं आणि शक दिलेला नसला तर साठ-साठ वर्षांच्या उड्या मारत बसावं लागतं. इकडे उडी पंधरा वर्षांची, त्यामुळे घोळ चौपट. हिशोब मात्र सोपा आहे. सालात तीन मिळवा, पंधरानं भागा, बाकी उरेल ते इंडिक्शन. बाकी शून्य आली तर पंधरावं. सप्टेंबरपासूनचे महिने असतील तर एकानं पुढे. एक वर्ष दोन सालांत पसरत असल्यामुळे अभ्यासक मधे तिरकी रेघ देऊन 694/95 असं लिहितात.

1900 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पान्चेन्को या रशियन अभ्यासकानं अशी एक मुद्रा प्रसिद्ध केली. तेव्हा इस्तंबूलमध्ये रशियाची पुरातत्त्वसंस्था होती, तिच्या नियतकालिकात. मुद्रेवर उभा बादशहा, एकटा. आकडा आठ, म्हणजे ग्रीक अक्षर एटा. रोमन एच दिसतो तसंच. आणि मजकुरात बिथिनिया प्रांतातल्या स्लाव 'अँड्रापोडां'चा उल्लेख. स्लाव म्हणजे मूळचे युरोपाच्या बाजूचे लोक; 'अँड्रापोडा' या शब्दाकडे पुढे येतो. बिथिनिया म्हणजे इस्तंबूलच्या पलीकडचा, आशियाच्या बाजूचा मुलूख.

पान्चेन्कोनं साल ठरवलं 650. पॅरिसच्या गुस्ताव्ह श्लुम्बर्जेनं 1903 मध्ये सांगितलं, नाही, 695. श्लुम्बर्जे म्हणजे ज्यानं 1884 मध्ये या विषयाचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला तो. दोघेही इंडिक्शनच्या हिशोबानं बरोबरच होते. 649/50 हेही आठवं वर्ष आणि 694/95 हेही आठवं.

मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री वहीत त्या काळातली सगळी आठवी वर्षं मांडून बघितली. 649/50. 664/65. 679/80. 694/95. 709/10. पाच सालं, पाच शक्यता. मग प्रत्येकापुढे लिहिलं, गादीवर कोण आणि त्याच्या शेजारी कोण. हे शेजारचं फार महत्त्वाचं आहे, कारण बायझंटाइन राजे हयातीतच मुलांना सहराजा करत आणि नाण्यांवर, मुद्रांवर त्यांना शेजारी उभं करत. वारशाचं भांडण नको म्हणून.

664/65 मध्ये दुसरा कॉन्स्टन्स. पण त्यानं 654 मध्ये मोठ्या मुलाला आणि 659 मध्ये धाकट्या दोघांना मुकुट घातला होता. त्या साली तो एकटा दिसायचा नाही. 679/80 मध्ये त्याचा मुलगा चौथा कॉन्स्टंटाईन. त्याच्या दोन बाजूंना दोन भाऊ, 681 पर्यंत. त्या साली त्यानं भावांना पदावरून काढलं आणि त्यांची नाकं कापली, म्हणजे त्यांना पुन्हा गादी मागता येऊ नये. 709/10 मध्ये दुसरा जस्टिनियन, पण तेव्हा शेजारी त्याचा छोटा मुलगा टायबेरियस. राहिली दोन. 649/50, जेव्हा कॉन्स्टन्स विशीच्या उंबरठ्यावर होता आणि मुलाला अजून मुकुट नव्हता. आणि 694/95, जेव्हा जस्टिनियन पंचविशीचा होता आणि एकटा होता. दोन तरुण राजे, आजोबा आणि नातू, दोघेही एकेकटे, दोघांच्याही वर्षाचा आकडा आठ. पान्चेन्को आणि श्लुम्बर्जे नेमके याच दोन सालांवरून का भांडले, ते माझ्या वहीत मला दिसलं. त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

हा वाद बरीच वर्षं चालला. मिटवला तो इतर मुद्रांनी. इस्तंबूलमधले संग्राहक जॉर्ज झाकोस आणि त्यांचे सहकारी व्हेग्लेरी यांनी 1972 मध्ये मुद्रांचा प्रचंड संग्रहग्रंथ काढला. आशिया मायनरमधल्या इतर प्रांतांची नावं असलेल्या, त्याच आठव्या वर्षाच्या, जॉर्ज नावाच्या एका कोमर्किआरिओसच्या मुद्रा त्यात एकत्र आल्या, आणि त्यांवरही 'अँड्रापोडा' हा शब्द होता. चेहरे एकमेकांशेजारी ठेवल्यावर जस्टिनियनबद्दल शंका उरली नाही. 694/95.

पंचेचाळीस वर्षांचा फरक. इतक्या जुन्या काळात एवढ्यानं काय बिघडतं, असं वाटेल. मुद्रा 650 ची असेल तर बिथिनियात स्लाव लोक फार आधीपासून वसले होते, आणि इतिहास वेगळा लिहावा लागतो. 695 ची असेल तर ती एका भयंकर गोष्टीच्या अगदी लगत येऊन बसते.

ती गोष्ट थिओफेनिस या साधूनं शंभरावर वर्षांनी लिहून ठेवली आहे. जस्टिनियननं बाल्कनमधल्या मोहिमेत हजारो स्लाव पकडले, काही शरण आले. त्यांना समुद्रापलीकडे आशियात नेऊन वसवलं. त्यांतून तीस हजारांचं सैन्य उभं केलं आणि त्याला 'निवडलेली प्रजा' असं नाव दिलं. मग अरबांशी सेबास्टोपोलिसला लढाई झाली, 692 च्या सुमारास, आणि त्या सैन्यातले वीस हजार शत्रूला जाऊन मिळाले. लढाई हरली. राजानं मागे उरलेल्यांना बायकामुलांसकट मारून टाकलं, असं थिओफेनिस म्हणतो. जागाही सांगतो, निकोमिडियाच्या आखातावरचा लेउकाटे नावाचा कडा.

थिओफेनिसला जस्टिनियनबद्दल राग होता, त्यानं वाढवून लिहिलं असेल. निकोमिडिया बिथिनियातच आहे. सगळे कड्यावरून गेले असतील, तर दोन-तीन वर्षांनी त्याच प्रांतातल्या स्लावांच्या नावानं मुद्रा कशी निघाली? काही अभ्यासक म्हणतात, मागे राहिलेल्यांना गुलाम म्हणून विकलं आणि त्या व्यवहारावर ही मुद्रा लागली. काहींनी तोच शब्द वसवलेले सैनिक अशा अर्थी वाचला आणि मुद्रा त्यांना पुरवलेल्या हत्यारांशी जोडली. मी शिकाऊ माणूस, पण मला पहिलंच पटतं, आणि ते त्या शब्दामुळे.

अँड्रापोडा. जुन्या ग्रीकमध्ये गुराढोरांना 'टेट्रापोडा' म्हणत, म्हणजे शब्दशः चतुष्पाद. त्याच धर्तीवर लढाईत पकडलेल्या माणसांसाठी हा शब्द घडवला, माणसाच्या पायाचे. गोठ्यात चार पायांचे आणि माणसाच्या पायाचे. संस्कृतातला चतुष्पाद शब्द लहानपणापासून कानांवर असल्यामुळे असेल, मला हा अर्थ कळला तेव्हा पोटात खड्डा पडला. हा शब्द वखारीच्या अधिकाऱ्याच्या मुद्रेवर, प्रांताच्या नावाबरोबर, सरकारी वर्षाच्या आकड्याशेजारी. आणि वर राजा उभा.

याच राजानं त्याच सुमारास सोन्याच्या नाण्यावर पहिल्यांदा ख्रिस्ताचा चेहरा आणला होता. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला स्वतः उभा राहिला आणि स्वतःला 'ख्रिस्ताचा सेवक' म्हणवून घेतलं. लॅटिनमधला तो शब्द 'सेर्वुस', म्हणजे गुलामच. राजानं मोठ्या नम्रतेनं स्वतःसाठी घेतलेला शब्द आणि वखारीतल्या माणसांना लावलेला शब्द, दोन्ही एकाच राजवटीच्या धातूंवर, थोड्या वर्षांच्या अंतरानं. याबद्दल जास्त काही लिहू नये असं वाटतं.

आठवं इंडिक्शन 31 ऑगस्ट 695 ला संपलं. त्यानंतर वर्ष संपायच्या आत बंड झालं, जस्टिनियनचं नाक कापून त्याला काळ्या समुद्रापलीकडे खेर्सोनला हाकलून दिलं. वडिलांनी चुलत्यांना जे केलं तेच. दहा वर्षांनी तो परत आला, गादी मिळवली, पुन्हा नाणी पाडली; त्यांवर त्याचं नाक शाबूत आहे. चेहरे काळ सांगतात, पण सांगण्यासारखं सगळंच सांगत नाहीत.

730/31 नंतर या वखारींच्या मुद्रांवरून अधिकाऱ्याचं नावही जातं. नुसतं 'बादशाही कोमर्किया', प्रांत, राजे आणि वर्ष. तिथपर्यंत निदान एक जॉर्ज तरी होता, ज्याच्याकडे बोट दाखवता येत होतं.

मागच्या दिवाळीत बार्शीला गेलो होतो. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात दोनशे ग्रॅमचं एक वजन सापडलं आणि त्याखाली अण्णांच्या उधारीच्या दोन वह्या. वजन खिडकीपाशी नेऊन पुसलं. शिशावर 'सी', मग 84. शतक नाही. त्या शिशावर निरीक्षकाच्या क्रमांकाच्या वर कोणीही उभं नाही, तेवढी जागा कोरी आहे.

मग वह्या उघडल्या. अण्णांना सगळ्यांची नावं माहीत नसत. बाजारच्या दिवशी खेड्यांवरून येणारी माणसं, गिरणीवर हंगामापुरती आलेली माणसं. पण उधारीचं पान कोणाच्यातरी नावानं काढावंच लागे. म्हणून त्यांनी लिहिलं होतं, 'विहिरीवरचा धाकटा'. 'मोतिबिंदूवाली आजी'. 'गिरणी, लंगडतो तो'. 'सुईणीचा जावई, गूळ पाव किलो, मीठ'. प्रत्येकाला वेगळं पान. काही पानांवर रक्कम फिटल्याची आडवी रेघ होती, काहींवर नव्हती. मी बराच वेळ ती वाचत बसलो.